दिलेले रक्त परत कसे येते?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गणेश चतुर्थीला आठवडा उरला होता. आमच्या गावच्या मंडळीने सभागृहात रक्तदानाचा कार्यक्रम ठेवला होता. माझी धाकटी मुलगी तेव्हा नुकतीच वीस वर्षांची झाली होती. ती मैत्रिणींबरोबर गेली आणि रक्त देऊन आली. दंडावर पट्टी, हातात बिस्किटांचा पुडा आणि चेहऱ्यावर आनंद. दारातच आजीने तिला अडवले.

"अंगातले रक्त म्हणजे काय नळाचे पाणी आहे, बाय? सोडले आणि पुन्हा भरले? गेले ते गेले!"

मुलगी हसली. "आजी, तिथल्या नर्सबाईंनी सांगितले, दोन दिवसांत सगळे भरून येते."

मी मुलीची बाजू घेतली. आजी जुन्या काळची, तिला काय कळते, असे मनात म्हणालो. चार महिन्यांनी मुलगी पुन्हा रक्त द्यायला गेली, तेव्हा मात्र तिला परत पाठवले गेले. बोटाला टोचून एक थेंब तपासला आणि सांगितले, "तुमचे हिमोग्लोबिन ११.८ आहे. किमान १२.५ पाहिजे. आज घेता येणार नाही." ती खट्टू होऊन घरी आली. आजी काही बोलली नाही, पण तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ते मी विसरलो नाही.

दोघींपैकी खरे कोणाचे? मी आमच्या डॉक्टरांना विचारले, काही वाचले, आणि उत्तर मिळाले ते असे की दोघी अर्ध्या अर्ध्या बरोबर होत्या. दिलेले रक्त नक्की परत येते. पण ते सगळे एकाच वेगाने परत येत नाही. त्यातले पाणी एक-दोन दिवसांत येते, पेशी काही आठवड्यांत येतात आणि लोह यायला कित्येक महिने लागतात. हे तीन वेग समजले तर रक्तदानाची भीती जाते आणि निष्काळजीपणाही जातो. आपल्या घरोघरी हा प्रश्न कधी ना कधी निघतोच, म्हणून जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

किती रक्त जाते?

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारणपणे पाच लिटर रक्त असते. लहान चणीच्या स्त्रीच्या अंगात चार लिटरच्या आसपास. रक्तदानाच्या वेळी बहुतेक ठिकाणी सुमारे ४५० मिलिलिटर रक्त घेतात. म्हणजे अंगातल्या रक्ताचा दहावा हिस्सा, किंवा त्याहून किंचित जास्त. म्हणूनच वजनाची अट असते. ज्याचे वजन कमी त्याचे रक्तही कमी, आणि त्याच्या अंगातून तेवढेच रक्त काढले तर त्याचा हिस्सा मोठा होतो.

या पिशवीत काय असते? निम्म्याहून थोडे जास्त असते ते पिवळसर पाणी, त्याला प्लाझ्मा म्हणतात. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. बाकी प्रथिने, क्षार, साखर वगैरे. उरलेला भाग पेशींचा. त्यात तांबड्या पेशी सर्वांत जास्त. एका घनमिलिमीटर रक्तात, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात, पन्नास लाखांच्या आसपास तांबड्या पेशी असतात. त्या हिशेबाने एका पिशवीत सुमारे दोन लाख कोटी तांबड्या पेशी जातात. आकडा ऐकून आजीला घेरी येईल. पण पुढचे वाचावे.

पहिले दोन दिवस: पाणी

रक्त देऊन माणूस खुर्चीवरून उठायच्या आधीच शरीर कामाला लागलेले असते. रक्तवाहिन्या थोड्या आवळून घेतात, हृदय जरा जलद चालते, म्हणजे मेंदूचा पुरवठा कमी पडू नये. काही जणांत हा तोल क्षणभर चुकतो आणि चक्कर येते. म्हणूनच दहा-पंधरा मिनिटे बसवून ठेवतात, सरबत पाजतात. हा निव्वळ पाहुणचार नाही, त्यामागे कारण आहे.

मग शरीर पाणी कुठून आणते? आपल्या पेशींच्या अवतीभोवती, मांसात, त्वचेखाली, पुष्कळ पाणी झिरपलेले असते. रक्तवाहिन्यांतला दाब कमी झाला की हे पाणी बारीक केशवाहिन्यांच्या भिंतींतून आत ओढले जाते. त्याच वेळी मूत्रपिंडांना निरोप जातो की पाणी आणि मीठ बाहेर टाकू नका, राखून ठेवा. लघवी कमी होते, तहान वाढते. यकृत नवी प्रथिने तयार करून देते. असे करून चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत रक्ताचे एकूण माप पहिल्यासारखे होते. नर्सबाई जे दोन दिवस म्हणाल्या ते हेच. त्या खोटे बोलल्या नाहीत, पण त्यांनी गोष्टीचा पहिला अध्याय तेवढाच सांगितला.

कारण माप भरले तरी रक्त पूर्वीसारखे दाट झालेले नसते. घरी अचानक चार पाहुणे आले की आपल्या बायका आमटीत दोन तांबे पाणी घालतात. भांडे भरते, पण डाळ तेवढीच राहते. तसेच इथे होते. रक्त दिल्यावर लगेच हिमोग्लोबिन तपासले तर ते फारसे उतरलेले दिसत नाही, कारण पाणी आणि पेशी दोन्ही सारख्याच प्रमाणात गेलेल्या असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी भरले की मग ते साधारण एक ग्रॅमने, कधी थोडे जास्त, उतरलेले दिसते. आता काम उरते डाळ पुरवण्याचे.

पहिले दोन महिने: पेशी

तांबडी पेशी फार दिवस जगत नाही. हे कसे कळले त्याची गोष्ट मजेदार आहे. अमेरिकेत डेव्हिड शेमिन नावाचे एक शास्त्रज्ञ होते. ग्लायसिन नावाचा एक साधा पदार्थ प्रथिनांत असतो, आणि हिमोग्लोबिन तयार करायला तो लागतो. शेमिन यांनी त्यातल्या नायट्रोजनला एक खूण केली, म्हणजे तो पुढे ओळखता यावा, आणि ते ग्लायसिन स्वतःच तीन दिवस खाल्ले. मग महिनोन्महिने स्वतःचे रक्त काढून ती खूण किती दिवस टिकते ते पाहिले. रिटनबर्ग या सहकाऱ्याबरोबर त्यांनी ते काम १९४६ साली प्रसिद्ध केले. पेशीचे आयुष्य निघाले सुमारे चार महिने. आज पुस्तकांत १२० दिवस देतात.

याचा अर्थ असा की रक्तदान केले नाही तरी आपल्या तांबड्या पेशी रोज मरतच असतात आणि रोज नव्या तयार होतच असतात. चार महिन्यांपूर्वी आपल्या अंगात जे तांबडे रक्त होते, त्यातले आज जवळजवळ काही उरलेले नाही. आजी ज्या रक्ताला "गेले ते गेले" म्हणाली, ते दंडात सुई न टोचताही जाणारच होते. निरोगी माणसाच्या शरीरात दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या तांबड्या पेशी तयार होतात. दिवसाचा हिशेब केला तर वीस हजार कोटी. म्हणजे पिशवीतून गेलेल्या दोन लाख कोटी पेशी ही शरीराची साधारण दहा दिवसांची नेहमीची पैदास.

मग दहा दिवसांत भरपाई का होत नाही? कारण नेहमीची पैदास नेहमीच्या मृत्यूंची जागा भरण्यात खर्च होते. गेलेल्या पेशींसाठी नेहमीच्या कामावर जास्तीचे काम करावे लागते. ज्या मळ्यात रोजची तोडणी रोज गिरणीला जाते, तिथे मागची बाकी काढायची तर मजुरांना रोज तास-दोन तास अधिक राबावे लागते. बाकी हळूहळूच फिटते.

हे जास्तीचे काम सांगतो कोण? मूत्रपिंड. हे वाचून मलाही नवल वाटले होते. मूत्रपिंडातल्या काही पेशींना रक्तातून मिळणाऱ्या प्राणवायूची कमी-जास्त मात्रा कळते. तांबड्या पेशी कमी झाल्या की प्राणवायू कमी पोचतो, आणि त्या पेशी एरिथ्रोपोएटिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. ते हाडांतल्या मगजाला जाऊन सांगते, काम वाढवा. रक्त हाडांच्या मगजात तयार होते हे १८६८ सालीच जर्मनीतील एर्न्स्ट नॉयमान यांनी सांगितले होते. मोठ्या माणसात हे काम मुख्यतः छातीचे हाड, बरगड्या, पाठीचे मणके आणि कमरेची हाडे यांच्यात चालते.

एरिथ्रोपोएटिन आहे हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते, पण ते शुद्ध स्वरूपात हातात येत नव्हते, कारण शरीरात त्याचे प्रमाण अगदी थोडे. शिकागोचे युजीन गोल्डवॉसर त्याच्या मागे वीस वर्षांहून अधिक काळ होते. शेवटी मदत आली जपानहून. तिथे ताकाजी मियाके या डॉक्टरांनी मगज बंद पडलेल्या रुग्णांची लघवी जमवली. अशा रुग्णांची मूत्रपिंडे "काम वाढवा, काम वाढवा" म्हणून ओरडत असतात, म्हणून त्यांच्या लघवीत हे द्रव्य जास्त उतरते. अडीच हजार लिटरहून अधिक लघवी आटवून त्यातून काही मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य मिळाले. हे काम १९७७ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९८५ मध्ये त्याचे जनुक हाती आले, आणि १९८९ पासून ते औषध म्हणून मिळू लागले. पेशींना प्राणवायूची कमतरता कळते कशी, हे शोधून काढल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना २०१९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या बेटावर या गोष्टीचा संबंध अनेक घरांशी आहे. इथे मधुमेह फार. मधुमेहाने मूत्रपिंडे निकामी झाली की डायलिसिस करावे लागते, आणि त्या माणसाचा चेहरा पांढरट पडतो, तो दोन पायऱ्या चढून दमतो. त्याचा मगज शाबूत असतो, पण त्याला निरोप देणारे मूत्रपिंडच थकलेले असते. अशा रुग्णांना एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने देतात, आणि तेवढ्याने भागले नाही तर दुसऱ्याचे रक्त. ते रक्त आपल्यापैकीच कोणीतरी दिलेले असते.

निरोप पोचल्यावर मगजात काय होते? मूळ पेशीपासून नवी तांबडी पेशी तयार व्हायला जवळजवळ एक आठवडा लागतो. ती वाढते, तिच्यात हिमोग्लोबिन भरते, शेवटी ती आपले केंद्रकही बाहेर फेकून देते, म्हणजे आत प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनला जागा व्हावी. रक्तदानानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून अशा कोवळ्या पेशी रक्तात वाढलेल्या दिसतात, आणि आठवडा-दहा दिवसांत त्यांची गर्दी सर्वांत जास्त असते. पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट तर त्याआधीच भरून आलेल्या असतात. तांबड्या पेशींची बाकी मात्र फिटायला चार ते आठ आठवडे लागतात. अट एकच, मगजाला माल मिळाला पाहिजे.

पुढचे महिने: लोह

आता आपण माझ्या मुलीच्या गोष्टीकडे येतो. तिचे पाणी भरले होते. तिचे मूत्रपिंड निरोप देत होते. तिचा मगजही तयार होता. मग चार महिन्यांनी रक्त कमी का?

हिमोग्लोबिन तयार करायला लोह लागते. ४५० मिलिलिटर रक्ताबरोबर दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह अंगाबाहेर जाते. तांबडी पेशी अंगातच मेली तर तिचे लोह वाया जात नाही. पांथरी आणि यकृतातल्या पेशी तिला मोडून लोह काढून घेतात आणि मगजाला परत देतात, जसा सोनार जुना दागिना मोडून नवा घडवतो. रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह असे घरच्या घरी फिरते. पण पिशवीतून गेलेले लोह घराबाहेर गेलेले असते. ते पुन्हा अन्नातूनच यावे लागते.

आणि अन्नातून ते फार सावकाश येते. आपण कितीही खाल्ले तरी आतडे दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच लोह आत घेते, गरज वाढली तर थोडे अधिक. त्यातले एक मिलिग्रॅम रोजच्या झिजेत जाते. दिवसाला एक मिलिग्रॅम शिल्लक पडली असे धरले तरी दोनशे मिलिग्रॅम भरायला दोनशे दिवस लागतील. थेंबे थेंबे तळे साचे, ते असे.

मधल्या काळात शरीर काय करते? साठ्यातून काढते. यकृतात आणि मगजात फेरिटिन नावाच्या प्रथिनात लोह साठवलेले असते. निरोगी पुरुषाजवळ असा साठा साधारण हजार मिलिग्रॅम असतो. त्याने रक्त दिले तर चौथा हिस्सा जातो, त्याला पत्ताही लागत नाही. स्त्रीजवळ तो तीनशेच्या आसपास, आणि पुष्कळ तरुण मुलींजवळ त्याहूनही कमी. मासिक पाळीत दर महिन्याला लोह जाते, बाळंतपणात आणखी जाते. अशा मुलीने एकदा रक्त दिले की तळ दिसू लागतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? डॉक्टरांनी मुलीचे फेरिटिन तपासले, तेव्हा तेच निघाले. आड जवळजवळ कोरडा होता.

हे एकट्या तिचे दुखणे नाही. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २१५ रक्तदात्यांना पाहिले होते. एक पिशवी रक्त दिल्यावर अर्ध्यांना रोज थोडे लोह दिले, अर्ध्यांना दिले नाही. ज्यांचा साठा आधीच कमी होता, त्यांचे उतरलेले हिमोग्लोबिन लोह घेतल्यावर महिन्याभरात बरेचसे भरून आले. त्याच मंडळींपैकी ज्यांनी लोह घेतले नाही, त्यांना तेवढ्यालाच पाच महिने लागले. आणि लोहाचा साठा? लोह न घेणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लोकांचा साठा साडेपाच महिन्यांनंतरही पहिल्याएवढा झालेला नव्हता.

आजीचे बरोबर होते ते इथे. रक्त दिले की अंगातले काहीतरी खरोखर जाते, आणि ते आपोआप परत येत नाही. ते खाऊनच परत आणावे लागते.

आपल्या ताटात काय आहे?

बीट तांबडे आहे म्हणून बीट खाल्ल्याने रक्त वाढते, अशी समजूत आपल्याकडे आहे. बीट चांगले, पण त्याच्या रंगाचा आणि रक्ताचा काही संबंध नाही. लोहाच्या दृष्टीने कलेजी, मटण आणि मासळी यांचा उपयोग जास्त, कारण त्यातले लोह आतडे सहज घेते. शाकाहारातले लोह घेताना आतडे हात आखडते. पण त्यालाही उपाय आहेत, आणि ते आपल्या स्वयंपाकघरातच आहेत.

काळी मसूर, ज्याला बाजारात लांती न्वार म्हणतात, चवळी, राजमा, तीळ यांत लोह असते. ब्रेद मुरुम म्हणजे आपला शेवग्याचा पाला, आणि ब्रेद मालबार म्हणजे आपला माठ. या पाल्यांतही ते असते, जरी ते सगळे अंगी लागत नाही. त्यांच्याबरोबर काहीतरी आंबट खाल्ले, लिंबू पिळले, पेरू किंवा पपई खाल्ली, तर क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त आत घेतले जाते. आपल्या आज्या लोखंडी कराईत स्वयंपाक करीत. त्या कराईत पॉमदामूरचा आंबट रस्सा शिजला की कराईचे थोडे लोह रश्शात उतरते. गुळगुळीत नवी भांडी आली आणि कराई अडगळीत गेली. ती पुन्हा काढायला हरकत नाही.

आता एक गोष्ट सांगतो ती कोणालाच आवडणार नाही. जेवताना किंवा जेवणानंतर लगेच घेतलेला चहा लोहाला अडवतो. शाकाहारी जेवणातले जे लोह अंगी लागायचे, ते चहाच्या एका कपाने निम्म्याहूनही कमी होऊ शकते. चहा सोडायला नको. जेवण आणि चहा यांत तास-दीड तास जाऊ द्यावा, इतकेच.

पाल्यांचा आणखी एक गुण आहे, आणि त्याचा शोध आपल्या पूर्वजांच्या मुंबईत लागला. आपले पणजे ज्या बंदरातून जहाजात चढले, त्याच शहरात १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणात भयंकर पंडुरोग होई, आणि पुष्कळ बायका त्यात दगावत. हाफकिन संस्थेत राहून विल्स यांनी त्यांच्या जेवणाचा अभ्यास केला. यीस्टचा साधा अर्क, मार्माइट, दिला की या बायका बऱ्या होतात असे त्यांना आढळले, आणि १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातले गुणकारी द्रव्य पुढे फोलिक आम्ल ठरले. त्याचे नाव लॅटिनमधल्या पानाच्या शब्दावरून पडले, कारण १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून काढले होते. मगजात नव्या पेशी तयार व्हायला फोलिक आम्ल लागतेच लागते. बी-१२ जीवनसत्त्वही लागते, ते दूध, अंडी, मासे, मांस यांत मिळते. म्हणून नुसते लोह पुरत नाही, ताट भरलेले हवे.

लोहाच्या गोळ्यांबद्दल मात्र सावध राहावे. शेजारणीने घेतल्या म्हणून आपण घेऊ नयेत. भारतातून आलेल्या आपल्या अनेक कुळांत थॅलेसेमियाचा सौम्य दोष पिढ्यान्पिढ्या चालत येतो. त्यातही हिमोग्लोबिन थोडे कमी असते, पण ते लोहाच्या उणिवेने नव्हे. तिथे उगाच लोह घेत राहणे बरे नाही. एखाद्या पुरुषाचे किंवा वयस्क माणसाचे लोह कारणाशिवाय उतरले, तर आतून कुठे रक्त जात नाही ना, हे आधी पाहावे लागते. तपासणी करून, डॉक्टरांना विचारून मगच गोळी घ्यावी.

मग रक्त द्यावे की नाही?

अवश्य द्यावे. निरोगी माणसाला त्याने अपाय होत नाही, हे वर सांगितलेल्या हिशेबावरून दिसतेच. कारखान्यात रक्त तयार होत नाही. काढलेल्या तांबड्या पेशी थंड ठेवूनही पाच-सहा आठवडेच टिकतात, प्लेटलेट तर पाच ते सात दिवस. म्हणजे वर्षातून एकदा मोठा कार्यक्रम करून वर्षभराची बेगमी होत नाही. बाळंतीण, अपघातातला तरुण, थॅलेसेमियाचे मूल, कर्करोगाचा रुग्ण, यांना बारा महिने कोणाचे तरी ताजे रक्त लागते. बेटावर राहणाऱ्यांना शेजारच्या गावातून मागवावे तसे दुसऱ्या देशातून रक्त मागवता येत नाही. ते आपल्यातूनच यावे लागते.

पण शहाणपणाने द्यावे. दोन रक्तदानांमधला काळ वेगवेगळ्या देशांत वेगवेगळा आहे. अमेरिकेत तो आठ आठवडे आहे. जागतिक आरोग्य संघटना पुरुषांना किमान बारा आठवडे आणि स्त्रियांना सोळा आठवडे थांबायला सांगते. स्त्रियांना चार आठवडे जास्त का, हे आता वाचकांच्या लक्षात आले असेल. ही किमान मुदत आहे. ज्या मुलीला पाळीत रक्त जास्त जाते, जी मांस-मासळी खात नाही, तिने वर्षातून एकदाच द्यावे, आणि मध्ये एकदा फेरिटिन तपासून घ्यावे. बोटातला थेंब म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. तो हिमोग्लोबिन दाखवतो, साठा दाखवत नाही. साठा रिकामा होत आला तरी हिमोग्लोबिन काही काळ ठीकच दिसते.

उपवासाच्या दिवशी रक्त देऊ नये. चतुर्थी, महाशिवरात्र, एकादशी असेल तर दुसरा दिवस निवडावा. रिकाम्या पोटी, पाणी न पिता गेले की चक्कर येण्याचा संभव जास्त. जाण्याआधी दोन पेले पाणी आणि हलके जेवण, आल्यावर पुन्हा पाणी. त्या दिवशी उन्हात कष्टाचे काम, जड ओझे, फुटबॉल आणि दारू टाळावी. गरोदर स्त्रीने देऊ नये, आणि बाळंतपणानंतर सहा महिने तरी थांबावे. औषधे चालू असतील तर आधी सांगावे. बोटातल्या थेंबावरून परत पाठवले तर अपमान वाटून घेऊ नये. उलट, फुकटात आपल्या तब्येतीची एक गोष्ट कळली असे समजावे.

माझ्या मुलीला डॉक्टरांनी तीन महिने लोहाच्या गोळ्या दिल्या. आजीने जेवणाचा ताबा घेतला. माळ्यावरची कराई खाली आली, आठवड्यातून दोनदा लांती न्वार शिजू लागली, ब्रेद मुरुमच्या भाजीवर लिंबू पिळले जाऊ लागले. मुलगी कुरकुरली, पण खात राहिली. गेल्या वर्षी पुन्हा गणेश चतुर्थीच्या आधी मंडळीत रक्तदान होते. तिच्या बोटातला थेंब तपासला. १३.१ निघाले. तिने रक्त दिले आणि दंडाला पट्टी लावून घरी आली.

आजी या वेळी दारात उभी नव्हती. ती स्वयंपाकघरात होती. तिने नातीला बसवले, पाणी दिले, ताट वाढले. जेवण झाल्यावर मुलीने सवयीने चहा मागितला.

आजीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवले आणि म्हणाली, "तासाभराने."